फिरत्या संसाराचा गॅस: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी निवडलेली पत्रे एकाच विषयाची आहेत: गाडीत, कॅरव्हॅनमध्ये किंवा उघड्यावर स्वयंपाक करायचा असेल, तर कोणता सिलिंडर बरोबर घ्यावा. बहुतेक पत्रलेखकांनी ‘किती किलोचा घ्यावा’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला आहे. आमच्या मते तो नंतरचा प्रश्न आहे. संपलेला सिलिंडर वाटेत कुठे बदलून मिळेल आणि प्रवासात तो गाडीच्या कोणत्या भागात राहील, या दोन गोष्टी आधी ठरवल्या, तर किलोंचा हिशेब फारसा अवघड राहत नाही.

प्रश्न: आम्ही दोघे सेवानिवृत्त असून एका व्हॅनमध्ये झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय करून घेतली आहे. दिवाळीनंतर कोकण किनाऱ्याने गोवा, कारवार, उडुपी असे करत केरळपर्यंत जावे आणि महिनाभराने परतावे, असा विचार आहे. घरी दोन सिलिंडर आहेत. त्यांतला एक बरोबर नेला तर चालेल का? लहान घ्यायचा झाल्यास किती लागतील?
– एक वाचक, पुणे

उत्तर: घरचा सिलिंडर नेऊ नका. घरगुती जोडणीचा १४.२ किलोचा सिलिंडर नोंदलेल्या पत्त्यावरच्या स्वयंपाकासाठी दिलेला असतो, आणि त्याचा अन्यत्र वापर २००० सालच्या गॅसपुरवठा आदेशाच्या विरुद्ध जातो. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी व्यवहारातही तो गैरसोयीचाच आहे. भरलेल्या सिलिंडरचे एकूण वजन तीस किलोंच्या आसपास जाते, साध्या व्हॅनच्या कपाटात तो उभा मावत नाही, आणि कारवारला संपला तर तिथला वितरक तुमच्या पुण्याच्या ग्राहक क्रमांकावर तो बदलून देणार नाही.

तुमच्यासारख्यांची सोय ५ किलोच्या खुल्या विक्रीच्या सिलिंडरने होते. सरकारी तेल कंपन्यांनी २०१३ साली ही विक्री सुरू केली. इंडियन ऑइलचा असा सिलिंडर ‘छोटू’ या नावाने ओळखला जातो आणि भारत पेट्रोलियम व हिंदुस्तान पेट्रोलियम यांचेही ५ किलोचे सिलिंडर मिळतात. त्यासाठी पत्त्याचा पुरावा किंवा कायमची जोडणी लागत नाही, केवळ ओळखपत्र पुरते. पहिल्या खेपेला सिलिंडरची किंमत भरावी लागते आणि पुढे रिकामा देऊन भरलेला घेताना फक्त गॅसचे पैसे द्यावे लागतात. हा दर घरगुती गॅसपेक्षा चढा असतो, कारण त्यावर सवलत नसते आणि वस्तू व सेवा कराचा दरही वेगळा असतो. मात्र तोच सिलिंडर त्याच कंपनीच्या विक्रीकेंद्रावर दुसऱ्या राज्यातही बदलता येतो, आणि प्रवाशाच्या दृष्टीने चार पैसे जास्त मोजण्याइतके महत्त्व या सोयीला आहे. पहिल्या खरेदीची पावती जपून ठेवावी, कारण पुढे सिलिंडर कायमचा परत करायचा झाल्यास ती दाखवावी लागते.

आता हिशेब करू. एक लिटर पाणी नेहमीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो गॅसमध्ये साधारण ४६,००० किलोज्यूल उष्णता असली, तरी उघड्यावर, वाऱ्यात आणि पातळ बुडाच्या भांड्याखाली त्यातली निम्मी वाया जाते असे धरावे. म्हणजे लिटरभर पाण्याला सुमारे १४ ग्रॅम गॅस लागतो. दोन वेळचा चहा, कुकरमधला वरणभात, एक भाजी आणि अंघोळीसाठी थोडे पाणी एवढे धरले, तर दोघांचा रोजचा खर्च १५० ते २०० ग्रॅमच्या घरात राहतो. पोळ्यांचा आग्रह असेल तर तो वाढतो, कारण तवा सतत तापता ठेवावा लागतो आणि वाऱ्यात सर्वांत जास्त गॅस तिथेच उडतो. हे सगळे धरूनही ५ किलो गॅस पंचवीस दिवस सहज पुरावा. तुमचा मार्ग किनाऱ्यावरच्या मोठ्या गावांमधून जात असल्यामुळे दुसरा सिलिंडर बाळगण्याची गरज आम्हांला दिसत नाही. मडगाव किंवा मंगळूरसारख्या शहरात पोहोचल्यावर, तो संपण्याची वाट न पाहता, वजन करून बदलून घ्यावा.

वजन करण्याची सवय मात्र लावून घ्या. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच कोरलेले किंवा रंगवलेले असते. त्यात ५ किलो मिळवले की भरलेल्या सिलिंडरचे वजन येते, आणि वितरकाकडे तसे वजन करून मागण्याचा तुम्हांला अधिकार आहे. सामान तोलण्याचा लहानसा टांगता काटा गाडीत ठेवला, तर वाटेतही उरलेला गॅस कळतो. सिलिंडर हलवून किंवा त्यावर टिचक्या मारून काढलेला अंदाज बहुधा चुकतो. घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या आतल्या बाजूस एक अक्षर आणि वर्षाचे दोन अंक असतात. ‘A’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘B’ म्हणजे एप्रिल ते जून या क्रमाने इंग्रजी वर्णमालेतली पहिली चार अक्षरे वर्षाच्या चार तिमाह्या दाखवतात, आणि त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची पुढची चाचणी होणे आवश्यक असते. ही मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नये.

लोखंडी घ्यावा की नवा कॉम्पोझिट, असेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. इंडियन ऑइलचा कॉम्पोझिट सिलिंडर आतून प्लास्टिकचा थर, त्यावर काचतंतूंचे वेष्टन आणि बाहेर पुन्हा प्लास्टिकचे कवच असा तिहेरी बांधणीचा असतो. तो लोखंडीच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा असतो, गंजत नाही आणि उजेडात धरल्यास आतल्या द्रवाची पातळी दिसते. समुद्राच्या खाऱ्या हवेत महिनाभर राहायचे असल्याने तो तुमच्या उपयोगाचा आहे, यात शंका नाही. तरीही आमचे मत लोखंडी सिलिंडरकडे झुकते, कारण तो लहान गावातही बदलून मिळण्याची शक्यता अधिक असते. घरचा रेग्युलेटर कोणत्याही लहान सिलिंडरला बसेलच, असे समजू नये. सिलिंडर ज्या केंद्रातून घ्याल, तिथूनच त्याचा रेग्युलेटर घ्यावा आणि तिथेच एकदा बसवून पाहावा.

प्रश्न: माझ्या व्हॅनचे लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने सिलिंडर पलंगाखालच्या बंद खणात ठेवण्याचे सुचवले आहे, कारण तिथे तो दिसत नाही आणि जागाही वाचते. हे योग्य आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही, आणि ज्या बाबतीत तडजोड करू नये अशी ही बाब आहे. स्वयंपाकाचा गॅस प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट आणि ब्युटेन दुप्पट जड असल्याने गळालेला गॅस वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागेत साचतो. द्रवरूपातला गॅस बाहेर पडला की त्याचे आकारमान सुमारे २५० पट होते, आणि हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या जवळ पोहोचले की ठिणगी पुरते. पलंगाखालच्या बंद खणात हा गॅस झोपणाऱ्याच्या अंगाखाली साचत राहील. गॅसला मुद्दाम घातलेला उग्र वास इशारा देतो हे खरे, पण गाढ झोपेत असलेल्या माणसाला तो जागे करील, याची खात्री कोणी देऊ नये.

कारागिराला सिलिंडरसाठी वेगळे कपाट करण्यास सांगा. त्या कपाटाच्या आतल्या भिंती राहण्याच्या भागापासून पूर्णपणे बंद असाव्यात, दार बाहेरच्या बाजूला उघडावे आणि तळाला थेट गाडीखाली उघडणारी भोके असावीत. ही भोके सायलेन्सरच्या नळीच्या वर, बॅटरीजवळ किंवा इंधनाच्या टाकीजवळ येऊ देऊ नयेत. त्याच कपाटात इन्व्हर्टर किंवा पाण्याचा विजेचा पंप ठेवण्याचा मोह पुष्कळांना होतो, तोही टाळावा. सिलिंडर उभाच राहिला पाहिजे, कारण आडवा केल्यास वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि शेगडीवर भडका उडतो. कोकणातले घाट ध्यानात घेऊन त्याला खाली आणि वर अशा दोन ठिकाणी पट्ट्यांनी आवळावे.

शेगडीपर्यंतची नळी भारतीय मानकाची, आतून तारेची जाळी असलेली, दीड मीटरपेक्षा लांब नसलेली आणि मध्ये जोड नसलेली असावी. तिच्यावरची तारीख पाहून पाच वर्षांनी, आणि भेगा दिसल्यास त्याआधीच, ती बदलावी. कपाट शेगडीपासून दूर असेल, तर रबरी नळी फर्निचरमागून ओढत नेण्यापेक्षा तांब्याची पक्की नळी जाणकाराकडून बसवून घ्यावी. गाडी चालू करण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करण्याची शिस्त दोघांनीही पाळावी. प्रत्येक वेळी सिलिंडर बदलल्यावर सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते पाहावे. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजूनही भेटतात, म्हणून हे लिहावे लागते.

गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण, पंखा, मोबाइल आणि गाडीची किल्ली यांपैकी कशालाही हात लावू नये. रेग्युलेटर बंद करून दारे उघडावीत, गाडीपासून दूर जावे आणि तिथून १९०६ या गळतीच्या तातडीच्या क्रमांकावर कळवावे. गॅस हुंगणारा इशारायंत्राचा डबा जमिनीपासून वीतभर उंचीवर लावावा. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र वेगळे असते आणि ते झोपताना डोके असते त्या उंचीच्या आसपास लागते. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. कोरड्या पावडरीचे अग्निशामक नळकांडे दाराजवळ ठेवावे. ते शेगडीच्या मागे ठेवले, तर आग ओलांडून त्याच्यापर्यंत पोहोचावे लागेल.

गाडीच्या रचनेत असे बदल केल्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परिवहन कार्यालयाची मान्यता घ्यावी लागते. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक असून ते पुण्याच्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेने प्रसिद्ध केले आहे. तुमच्या कारागिराने त्याचे नावही ऐकलेले नसेल, तर काम सुरू होण्यापूर्वीच दुसऱ्याचे मत घेतलेले बरे.

प्रश्न: बाजारात दोन-तीन किलोचे, वर थेट बर्नर बसवलेले छोटे सिलिंडर स्वस्तात मिळतात आणि आमच्या गावात एक दुकानदार ते किलोवर भरूनही देतो. शेतावरच्या हुरडा पार्टीसाठी आणि सहलीसाठी असा घ्यावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: घेऊ नये. गॅस सिलिंडरांची बनावट, भरणे आणि साठा यांवर २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांचे नियंत्रण आहे आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मान्यता नसलेल्या सिलिंडरचा पत्रा किती जाड आहे, जोड किती दाबाला तपासला आहे आणि झडप कोणी बसवली आहे, हे विचारण्याची सोय नसते. दुकानात घरगुती सिलिंडर उलटा करून त्यातला गॅस लहान सिलिंडरात उतरवला जातो, तेव्हा वाढलेल्या तापमानात द्रवाला फुगण्यासाठी रिकामी जागा ठेवण्याचा नियम पाळला जात नाही. काठोकाठ भरलेला सिलिंडर दुपारच्या उन्हात किंवा पेटत्या आगटीजवळ ठेवला, की आतला द्रव प्रसरण पावून पत्रा फाडू शकतो. शिवाय या रचनेत आच थेट सिलिंडरच्या डोक्यावर असते आणि मध्ये दाब कमी करणारा रेग्युलेटर नसतो. सरकारमान्य ५ किलोचा सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर आणि एका बर्नरची साधी शेगडी याला थोडे अधिक पैसे पडतात, तेवढे घालावेत.

प्रश्न: गॅसची कटकटच नको म्हणून इंडक्शन शेगडी आणि मोठी बॅटरी घेतली तर?
– एक वाचक, मुंबई

उत्तर: रोज रात्री विजेची जोडणी असलेल्या मुक्कामी थांबणार असाल, तर अवश्य घ्या. तसे नसेल तर ही तुलना पाहा. बारा व्होल्टची २०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरली, तर तिच्यात सुमारे २.४ युनिट वीज असते आणि इंडक्शनवर तिच्यातली साधारण दोन युनिट भांड्यापर्यंत पोहोचते. पाच किलो गॅसमध्ये सुमारे ६४ युनिट इतकी ऊर्जा असते आणि निम्मी वाया गेली तरी ३२ युनिट हाती लागते. म्हणजे एक लहान सिलिंडर अशा सोळा बॅटऱ्यांचे काम करतो. भाड्याने मिळणाऱ्या कॅरव्हॅनमध्ये गॅसऐवजी विजेची शेगडी दिलेली असेल, तर आपला सिलिंडर आत नेऊ नये. त्या गाडीत त्याच्यासाठी कपाट केलेले नसते.

प्रश्न: सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही चौघे जीपने स्पितीला जाणार आहोत. मागच्या वर्षी गेलेले मित्र सांगतात की पहिले तीन-चार दिवस शेगडी व्यवस्थित चालली, पण नंतर अर्धा सिलिंडर शिल्लक असूनही सकाळी ज्योत लागेना. त्यांना गॅस भेसळीचा मिळाला असावा का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: भेसळीचा संशय घेण्याचे कारण नाही, कारण शुद्ध गॅसही थंडीत असाच वागतो. सिलिंडरमधला द्रव उकळून त्याची वाफ होते आणि ती वाफ आपण जाळतो. प्रोपेन उणे ४२ अंशांनाच उकळतो, तर साधा ब्युटेन शून्याच्या किंचित खाली, उणे अर्ध्या अंशाला. आपल्याकडच्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये हे दोन्ही असतात. वापर सुरू झाला की प्रोपेन आधी आणि जास्त प्रमाणात बाहेर पडतो, त्यामुळे सिलिंडर जसजसा रिकामा होतो, तसतसा मागे राहिलेला द्रव ब्युटेनकडे झुकत जातो. तुमच्या मित्रांना पहिले काही दिवस प्रोपेनची साथ होती. नंतर सिलिंडरात द्रव होता, पण पहाटेच्या गारठ्यात तो वाफ होण्यास तयार नव्हता.

त्यात भर पडते ती बाष्पीभवनाने येणाऱ्या गारव्याची. द्रवाची वाफ होताना लागणारी उष्णता त्या द्रवातूनच घेतली जाते, म्हणून शेगडी मोठ्या आचेवर चालू ठेवली की सिलिंडर आणखी थंड होतो आणि त्याच्या अंगावर दव किंवा हिमाचा पापुद्रा धरतो. उंचीमुळे मात्र थोडी मदतच होते. स्पितीतले मुख्य गाव काझा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब कमी असल्याने ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे १२ अंशांच्या जवळ सरकतो. पण रेग्युलेटरला काम करण्यासाठी बाहेरच्या हवेपेक्षा थोडा अधिक दाब लागतो, त्यामुळे कागदावरचा हा फायदा प्रत्यक्षात पूर्ण हाती येत नाही.

उपाय साधे आहेत. चौघांसाठी दोन लहान सिलिंडर घ्या आणि एक पूर्ण संपवून दुसरा लावण्याऐवजी ते असे वापरा: भरलेला सिलिंडर पहाटेच्या आणि रात्रीच्या स्वयंपाकाला, अर्धा झालेला दुपारच्या उन्हात. सिलिंडर बर्फाळ जमिनीवर न ठेवता फळीवर किंवा जाड घोंगडीच्या घडीवर ठेवा. ज्योत मंदावली तर घमेल्यात चार बोटे कोमट पाणी घेऊन त्यात तो उभा करा. पाणी हाताला सहज सोसेल इतकेच कोमट हवे. उकळते पाणी ओतणे, सिलिंडरखाली स्टोव्ह ठेवणे किंवा त्याला आगीजवळ सरकवणे हे प्रकार ट्रक थांब्यांवर पाहायला मिळतात, पण त्यांचे अनुकरण करू नका. आच मध्यम ठेवली तर बाष्पीभवनाचा वेगही आवाक्यात राहतो.

त्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास शिजवली तरी बोटचेपी होत नाही आणि गॅस मात्र संपतो. प्रेशर कुकर ही तिथे चैन नसून गॅस वाचवण्याचे मुख्य साधन आहे. डाळ आणि कडधान्ये रात्री भिजवावीत. राजम्याचा हट्ट मनालीला परतेपर्यंत सोडावा. काझा येथे इंडियन ऑइलचा पंप आहे, परंतु त्या दिवशी ५ किलोचा भरलेला सिलिंडर तिथे असेलच, हे गृहीत धरून निघू नये. मनालीहून किंवा शिमल्याच्या बाजूने जाताना रामपूर येथूनच साठा पुरा करावा.

शेवटचे, आणि सर्वांत महत्त्वाचे. थंडी कितीही असली तरी जीपमध्ये किंवा तंबूत उबेसाठी शेगडी पेटवून झोपू नये. बंद जागेत प्राणवायू कमी पडला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि डोके जड झाले तर माणूस ते विरळ हवेमुळेच आहे असे समजतो. स्पितीत ही गफलत होणे विशेष सोपे आहे.

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये स्लाव येथे राहतो. नुकतीच २००१ सालची एक टूरिंग, म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायची, कॅरव्हॅन विकत घेतली आहे. दुकानात निळ्या, लाल आणि हिरव्या बाटल्या पाहून गोंधळ झाला. ईस्टरला वेल्स आणि उन्हाळ्यात फ्रान्स असा बेत आहे. कोणती घ्यावी?
– एक वाचक, स्लाव

उत्तर: तुमच्याकडे भारतासारखा मिश्र गॅस न मिळता दोन्ही वायू वेगवेगळे मिळतात, हा मूळ फरक आहे. कॅलर या कंपनीच्या निळ्या बाटलीत ब्युटेन असतो, लाल बाटलीत प्रोपेन, आणि हिरवी बाटली अंगणातल्या बार्बेक्यूसाठीचा प्रोपेनच असतो, फक्त तिची जोडणी वेगळी असते. ब्युटेनमधून किलोमागे फार वेगळी उष्णता मिळते असे नाही, मात्र थंडीत तो निकामी ठरतो. ईस्टरच्या सुमारास वेल्समध्ये पहाटे पारा शून्यावर उतरू शकतो, म्हणून तुम्ही प्रोपेनच घ्यावा. ६ किलोची लाल बाटली टूरिंग कॅरव्हॅनला सोयीची आहे. भरलेली लोखंडी बाटली १५ किलोंच्या आसपास भरते आणि ती पुढच्या कपाटात राहत असल्याने जोडदांड्यावर येणाऱ्या भारात तेवढी भर पडते. गाडीची मर्यादा तपासून घ्यावी. १३ किलोची बाटली टूरिंगसाठी आम्ही सुचवणार नाही.

तुमच्या कॅरव्हॅनचे साल येथे महत्त्वाचे आहे. २००३ च्या सुमारापासूनच्या कॅरव्हॅनमध्ये गॅसच्या कपाटाच्या भिंतीवरच ३० मिलिबार दाबाचा एक रेग्युलेटर पक्का बसवलेला असतो आणि तो दोन्ही वायूंना चालतो. बाटली बदलल्यास केवळ मधली नळी बदलावी लागते. त्याआधीच्या गाड्यांत रेग्युलेटर बाटलीवरच बसतो, आणि तो ब्युटेनसाठी २८ तर प्रोपेनसाठी ३७ मिलिबारचा, असा वेगवेगळा असतो. तुमची गाडी या जुन्या पद्धतीची असण्याची शक्यता अधिक आहे, तरी आधीच्या मालकाने बदल केला आहे का, ते पाहा. प्रोपेनच्या बाटलीचा आटा उलटा असतो, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरवल्यावर ती आवळली जाते. सैल करण्याच्या नादात पाना लावून ती आणखी घट्ट करणारे नवखे पुष्कळ असतात. नळीवरची तारीख पाहा आणि जुनी असल्यास विचार न करता बदला. पहिल्या प्रवासापूर्वी मान्यताप्राप्त तंत्रज्ञाकडून गळतीची तपासणी करून घेणे हा खर्च टाळू नये.

फ्रान्सचा प्रश्न वेगळा आहे. कॅलरची बाटली तिथे बदलून मिळत नाही, आणि तिथल्या स्थानिक बाटल्यांच्या जोडण्या वेगळ्या असतात. कॅम्पिंगाझ या कंपनीची २.७५ किलो ब्युटेनची निळी बाटली मात्र युरोपभर कॅम्पिंगच्या ठिकाणी आणि मोठ्या दुकानांत बदलता येते. किलोमागे ती चांगलीच महाग पडते. दोन-तीन आठवड्यांच्या उन्हाळी सहलीसाठी, शेगडी आणि थोडे गरम पाणी एवढाच वापर असेल, तर भरलेली ६ किलोची प्रोपेनची बाटली इथूनच नेली तरी पुरते. ती संपल्यास आधार म्हणून कॅम्पिंगाझचा रेग्युलेटर बरोबर असावा. फ्रिज गॅसवर चालवणार असाल तर हिशेब बदलतो, कारण तो रात्रंदिवस गॅस घेतो. मुक्कामी वीज मिळत असेल तर फ्रिज विजेवर ठेवा. चॅनल टनेलमधून किंवा फेरीने जाताना बाटली बंद असलीच पाहिजे आणि तपासणीत ती दाखवावी लागते.

स्वतः भरता येणाऱ्या बाटल्यांचीही चौकशी तुम्ही केली आहे. द्रव ८० टक्क्यांवर पोहोचताच भरणे आपोआप थांबवणारी झडप ज्यांत असते, अशाच बाटल्या ऑटोगॅसच्या, म्हणजे मोटारींत इंधन म्हणून भरायच्या गॅसच्या, पंपावर भरता येतात. कॅलरची बदलून घेण्याची बाटली पंपावर भरणे धोकादायक आहे, आणि ती बाटली कंपनीच्या मालकीची असल्याने बेकायदाही आहे. वर्षाकाठी अनेक आठवडे बाहेर राहणाऱ्यांना ही व्यवस्था परवडते. तथापि ब्रिटनमध्ये ऑटोगॅस विकणारे पंप कमी होत चालले आहेत, आणि वर्षातून दोन सहली करणाऱ्या कुटुंबाला तिचा सुरुवातीचा खर्च भरून निघणार नाही, असे आमचे मत आहे.

प्रश्न: आम्ही सहा जण रेल्वेने दिल्लीला आणि तिथून मनालीजवळच्या ट्रेकला जाणार आहोत. गॅसचे छोटे कॅनिस्टर किंवा लहान सिलिंडर सामानात नेता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: रेल्वेने काहीही नेता येणार नाही. ज्वालाग्राही पदार्थ डब्यात नेणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्यातील कलम ६७ आणि १६४ नुसार गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या पर्यटक डब्याला पहाटे आग लागून नऊ प्रवासी मृत्युमुखी पडले, त्या डब्यात चोरून आणलेला गॅस सिलिंडर होता. विमानातही, हातातल्या सामानात किंवा खालच्या सामानात, कॅनिस्टर चालत नाही. रिकामा आणि स्वच्छ केलेला बर्नर नेण्यापूर्वी विमान कंपनीला विचारावे. फक्त बर्नर आणि भांडी घेऊन निघा आणि आट्याचे, म्हणजे फिरवून बसवायचे, कॅनिस्टर मनालीच्या गिर्यारोहण साहित्याच्या दुकानातून घ्या. घेताना आपल्याजवळचा बर्नर त्यावर बसतो का ते तिथेच पाहा, कारण आट्याचे आणि टोचून लावायचे असे दोन्ही प्रकार विकले जातात. टोचून लावायचा कॅनिस्टर संपेपर्यंत काढता येत नाही, म्हणून तो घेऊ नये.

कॅनिस्टरवर आयसोब्युटेन आणि प्रोपेन असे मिश्रण लिहिलेले असेल ते निवडा. आयसोब्युटेन उणे ११.७ अंशांना उकळतो, त्यामुळे वरच्या मुक्कामावर पहाटेचा चहा होण्याची आशा राहते. सहा जणांना रोज आठ-नऊ लिटर पाणी उकळावे लागेल असे धरल्यास, पाणी बर्फाजवळचे गार असल्याने दिवसाला दीडशे ग्रॅमच्या पुढे गॅस जाईल. २३० ग्रॅमचा एक कॅनिस्टर दीड दिवसाचा समजावा. वाऱ्याला आडोसा करताना पत्र्याची पट्टी बर्नर आणि कॅनिस्टर या दोघांभोवती पूर्ण गुंडाळू नये, कारण परत फिरलेली उष्णता कॅनिस्टरलाच तापवते. वाऱ्याच्या एकाच बाजूने दगड रचले तरी पुरते. परत येताना अर्धवट उरलेला कॅनिस्टरही रेल्वेत चालणार नाही. तो मनालीतच दुसऱ्या ट्रेकरला द्यावा, आणि संपलेले कॅनिस्टर डोंगरावर न टाकता खाली आणून दुकानदाराकडे सोपवावेत.